‘सिंकपी’ हा शब्द ठेवावा की काढावा?

एका लेखिकेचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले असून गेली काही वर्षे त्या इंग्रजीतून ललित लेख लिहितात. त्यांचे वडील शाळेत मराठी व्याकरण शिकवत. वडिलांना तरुणपणापासून अधूनमधून एकाएकी शुद्ध हरपून पडण्याचा त्रास होता. ते पडत, काही क्षणांत डोळे उघडत आणि पुष्कळदा अर्धवट राहिलेले वाक्य तिथूनच पुढे बोलू लागत. अशाच एका प्रसंगानंतर मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर लेखिकेने अशा शुद्ध हरपण्याचे वैद्यकातले नाव, ‘सिंकपी’ हा शब्द, पहिल्यांदा वाचला. पुढे मेंदूतील रक्तस्रावामुळे वडील नऊ दिवस कोमात राहिले आणि त्यातच गेले. त्यानंतर काही महिन्यांनी, शब्दकोशात दुसराच शब्द शोधत असताना, त्याच ‘सिंकपी’चा व्याकरणातला अर्थ त्यांच्या वाचनात आला: शब्दाच्या मधला स्वर किंवा अक्षर गळून जाणे. हा शब्द आपलीच वाट पाहत थांबला होता, असे त्यांना वाटले आणि त्यांनी याच नावाचा इंग्रजी लेख लिहिला. लेखात हा शब्द अकरा वेळा येतो आणि शेवटच्या वाक्यात वडिलांच्या मृत्यूला ‘अखेरची सिंकपी’ म्हटले आहे. लेखनगटातील एका मित्राला लेख ‘शब्दकोश उघडून लिहिल्यासारखा’ वाटला, डॉक्टर असलेल्या मावसभावाने शब्द चुकीचा वापरल्याचे सांगितले आणि संपादकांनी तळटीप मागितली. लेखिका विचारतात, हा शब्द ठेवू की साधे ‘फेंटिंग’ लिहू? आणि मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारखीने असा शब्द वापरणे म्हणजे मिरवणे तर नव्हे? पत्राच्या अखेरीस त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. त्या दहावीत असताना शाळेच्या कार्यक्रमात बाबा सर्वांसमोर पडले होते आणि त्या जागच्या उठल्या नव्हत्या. हा प्रसंग लेखात नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही त्याच्या सावलीत बसून शोधत आहात असे मला वाटते. एखादा शब्द मिरवण्यासाठी वापरला जातो तेव्हा तो सहसा बाहेरून आणलेला असतो. लिहिणाऱ्याला आधी शब्द सापडतो आणि मग त्यासाठी प्रसंग शोधला जातो. तुमच्याकडे हा शब्द वडिलांच्या नावाशेजारी, डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात, तुमच्या हातातल्या कागदावर आला. ज्या घरात दीर्घ आजारपण असते त्या घरातील माणसे असे कितीतरी शब्द नाइलाजाने शिकतात आणि क्रिएटिनिन, स्टेंट, बायोप्सी हे शब्द जेवताना सहज उच्चारू लागतात. ते शब्द त्यांचेच होतात, कारण त्यांची किंमत त्यांनी मोजलेली असते. दुर्मीळ असणे हा शब्दाचा स्वभावही नव्हे. तुमच्या लेखनगटातील मित्राला जो शब्द दुर्मीळ वाटला, तो रुग्णालयाच्या अपघात विभागात रोज लिहिला जातो.

मराठी माध्यमाबद्दलचा संकोच मला समजतो, पण त्यामागे एक समजूत दडलेली आहे आणि ती तपासून पाहावी अशी माझी विनंती आहे. समजूत अशी की, इंग्रजीचे काही जन्मजात मालक आहेत आणि बाकीच्यांनी साध्या, रोजच्या शब्दांपुरते समाधान मानावे. हा शब्द तर मुळात ग्रीक आहे, तो लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत पोहोचला आणि ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्यालाही तो शिकूनच घ्यावा लागतो. उलट मराठी वाचत वाढलेल्या माणसाला वैद्यक आणि साहित्य या दोन्ही घरांत नांदणाऱ्या शब्दांची सवय अधिक असते. आपल्याकडे ‘रस’ हा शरीरातील सात धातूंपैकी पहिला धातू आहे आणि काव्याचा आत्माही आहे. ‘दोष’ वात-पित्त-कफांचे असतात आणि काव्याचेही असतात. नाटक पाहून मन हलके होते त्या अनुभवाला आपल्या समीक्षेने ‘विरेचन’ हा पंचकर्मातला शब्द दिला. ‘मूर्च्छा’ म्हणजे शुद्ध हरपणे आणि ‘मूर्च्छना’ म्हणजे सात स्वरांचा क्रमाने चढता-उतरता विस्तार, हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंची यादी असलेल्या धातुपाठात त्या धातूचे अर्थच मोह आणि वाढ असे दोन दिलेले आहेत. त्यामुळे ‘सिंकपी’चे दोन अर्थ पाहून तुम्हाला जो आनंद झाला, तो तुमच्या शिक्षणाला सोडून झालेला नाही, तो त्यातूनच आला आहे.

आता शब्दाकडे वळू. ग्रीकमध्ये ‘सिन’ म्हणजे एकत्र आणि ‘कोप्टेइन’ म्हणजे कापणे. दोन्ही मिळून कापून आखूड करणे, मधून तोडणे असा भाव येतो. इंग्रजीत त्याचा वैद्यकीय उपयोग मध्ययुगाच्या अखेरीस आणि व्याकरणातला उपयोग सोळाव्या शतकात दिसू लागतो. म्हणजे योगायोगाने सारखे दिसणारे हे दोन शब्द नव्हेत. एकाच कल्पनेच्या या दोन फांद्या आहेत आणि म्हणून त्यांना एका लेखात आणणे ही कोटी ठरत नाही. मात्र फांद्या एकाच झाडाच्या असल्या तरी प्रत्येक फांदीला स्वतःची शिस्त असते आणि ती मोडली की जाणकार वाचक तुमचा हात सोडतो.

वैद्यकाची शिस्त अशी आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सिंकपीच्या व्याख्येला चार अटी आहेत: संपूर्ण मेंदूचा रक्तपुरवठा तात्पुरता कमी झाल्यामुळे शुद्ध हरपली पाहिजे, ती एकाएकी हरपली पाहिजे, थोडाच वेळ हरपली पाहिजे आणि आपोआप पूर्णपणे परत आली पाहिजे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त एकटा मेंदू घेतो; हा पुरवठा अवघे ६ ते ८ सेकंद थांबला तरी माणसाची शुद्ध जाऊ शकते. रक्तवाहिन्या सैलावणे व हृदयाचे ठोके मंदावणे या प्रतिक्षेपी क्रियेमुळे येणारा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्यात पूर्ण बेशुद्धी साधारणपणे २० सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. उभे राहताच रक्तदाब घसरल्याने येणारा प्रकार वेगळा आणि हृदयाच्या विकारातून उद्भवणारा, म्हणूनच अधिक धोक्याचा, प्रकार वेगळा. अपस्माराचा झटका म्हणजे सिंकपी नव्हे, डोक्याला मार लागून गेलेली शुद्ध म्हणजेही सिंकपी नव्हे. आपण मराठीत ‘चक्कर आली’ एवढेच म्हणतो आणि त्यात गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, घेरी येऊन पडणे असे सगळे सामावून घेतो; डॉक्टर मात्र पहिला प्रश्न विचारतात तो हाच की, नुसते गरगरले की शुद्ध गेली? तुमच्या लेखात बाबा पायरीवर बसून कपाळ धरतात, त्या प्रसंगालाही तुम्ही हाच शब्द लावल्याचे पत्रात लिहिले आहे. तिथे तो काढा. त्यांची शुद्ध गेली नव्हती.

व्याकरणाची शिस्त तुम्हाला मी काय सांगावी, तुम्ही त्याच घरात वाढलात. तरी इतर वाचकांसाठी सांगते. शब्दाचा मधला ध्वनी गळला तर ती सिंकपी. इंग्रजी कवितेत ‘ओव्हर’चे ‘ओअर’ होते आणि ‘एव्हर’चे ‘एअर’ होते ते वृत्तात बसवण्यासाठी. रोजच्या बोलण्यात ‘व्हेजिटेबल’ आणि ‘चॉकलेट’ यांच्या मधले स्वर कुणालाही न विचारता गळतात. मराठीत याचे सर्वांत सुंदर उदाहरण, माझ्या मते, ‘माणूस’ हे आहे. त्याला विभक्तीचा प्रत्यय लागला की मधला दीर्घ ‘ऊ’ जातो, लेखनात ‘माणसाला’ असे रूप होते आणि उच्चारात तर ‘ण’मधला ‘अ’ही उरत नाही. कापूस–कापसाला, लाकूड–लाकडाला ही त्याचीच भावंडे. माणूस एकटा असतो तेव्हा अखंड असतो आणि कुणाशी नाते जोडायला गेला की त्याचा मधला स्वर हरवतो, असे वाक्य लिहिण्याचा मोह मला आत्ता होतो आहे, पण तो लेख तुमचा आहे.

दोन्ही फांद्यांत समान काय आहे, हे एकदा नीट पाहिले की तुमच्या पुष्कळ अडचणी सुटतील. दोन्हीकडे मधला भाग जातो आणि टोके राहतात. पडलेला माणूस परत येतो. आखूड झालेला शब्द ओळखू येतो. तुमचे बाबा शुद्धीवर येऊन अर्धे राहिलेले वाक्य पुढे चालू करत, यापेक्षा अचूक दृश्य या शब्दाला मिळणार नाही, आणि मला विचाराल तर तुमच्या लेखाचा सगळा अधिकार या एका दृश्यात आहे. पाणिनीने लोपाची व्याख्या ‘अदर्शनं लोपः’ अशी केली आहे. जे असायला हवे होते त्याचे न दिसणे म्हणजे लोप. ते नष्ट झाले असे सूत्र म्हणत नाही. थोडे पुढे दुसरे सूत्र येते, ‘प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्’, म्हणजे प्रत्यय गळून गेला तरी त्याच्यामुळे व्हायचे कार्य होतच राहते. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाच्या मुलीने हे सूत्र जवळ ठेवावे. त्याचा उपयोग पुढे सांगते.

याच कारणासाठी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल मावसभावाचे म्हणणे मला पटते. तुमचे वडील नऊ दिवस कोमात होते आणि परत आले नाहीत. त्याला ‘अखेरची सिंकपी’ म्हणणे वैद्यकाच्या दृष्टीने चूक आहे आणि, जे तुम्हाला अधिक लागेल, व्याकरणाच्या दृष्टीनेही चूक आहे, कारण तिथे शब्दाचा मध्य गळलेला नाही, अंत गळला आहे. अंत गळण्याला व्याकरणात ‘अपॉकपी’ असा वेगळा शब्द आहे. तुमच्या बाजूने एक मुद्दा मांडता येईल, तो मी लपवत नाही. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत मृत्यू येण्याच्या तीन तऱ्हा सांगतात, कोमा, सिंकपी आणि अस्फिक्सिया (श्वास कोंडणे), आणि तिथे सिंकपी म्हणजे हृदयक्रिया बंद पडून येणारा मृत्यू. तेव्हा हा शब्द मृत्यूला कधीच लावत नाहीत असे नाही. परंतु त्या वर्गीकरणातही तुमच्या वडिलांचा मृत्यू पहिल्या तऱ्हेचा ठरतो. आपल्या जुन्या वैद्यकानेही हा भेद केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २४व्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास (म्हणजे गाढ बेशुद्धी) अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. पहिल्या दोन दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधाविना शमत नाही. बाबा आयुष्यभर मूर्च्छेतून परतत राहिले आणि शेवटी संन्यासातून परतले नाहीत. हा फरक पुसून टाकणारे वाक्य कितीही घाटदार असले तरी ते त्यांच्यावर आणि तुमच्यावर अन्याय करते. ‘अपॉकपी’ शब्द कळल्यावर आता तो शेवटी घालावा, असे तुमच्या मनात येईल. कृपा करून घालू नका. एका लेखात वाचक एक अनोळखी शब्द मनापासून शिकतो. दुसरा आला की त्याला आपली परीक्षा घेतली जाते आहे असे वाटू लागते. शेवटी मृत्यूला मृत्यूच म्हणा.

लेखनगटातील मित्राचा शेरा कठोर आहे, पण त्याला काहीतरी खटकले ते खरे आहे आणि ते काय असावे याचा अंदाज मी करू शकते. अकरा वेळा हा आकडा फार मोठा आहे. दुर्मीळ शब्द पहिल्यांदा येतो तेव्हा वाचक थांबतो, दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याला ओळख पटल्याचे समाधान मिळते, तिसऱ्यांदा त्याचा अर्थ पालटलेला दिसला तर तो हलतो. त्यापुढे प्रत्येक वेळी तो शब्द थोडा थोडा झिजतो आणि सहाव्या-सातव्या वेळेला वाचकाला बाबा दिसेनासे होऊन लेखिकाच दिसू लागते. माझे मत विचाराल तर शीर्षक धरून चार जागा पुरेत. कोणत्या चार, हे ठरवण्यासाठी एक साधी रीत आहे: लेखाची एक प्रत घ्या, प्रत्येक ठिकाणी शब्द खोडून ‘तो पडला’ किंवा ‘शुद्ध गेली’ अशा अर्थाचे साधे इंग्रजी घाला आणि मोठ्याने वाचा. जिथे काहीच हरवल्यासारखे वाटत नाही तिथे साधे शब्दच राहू द्या. जिथे वाक्य रिकामे वाटते तिथे दुर्मीळ शब्द परत आणा.

साधे ‘फेंटिंग’ लिहावे का, हा तुमचा मूळ प्रश्न मला ‘हा की तो’ अशा स्वरूपात मान्य नाही. लेखात तुम्ही आधी आठ वर्षांच्या आहात आणि शेवटी डिस्चार्ज कार्ड हातात धरलेली प्रौढ मुलगी आहात. आठ वर्षांच्या मुलीला बाबा ‘पडले’ एवढेच कळते. घरातले मोठे ‘घेरी आली’ म्हणतात. नंतर शाळेत इंग्रजी शिकल्यावर ‘फेंटिंग’ येते. कार्डावर पहिल्यांदा ‘सिंकपी’ येते आणि त्यांच्या जाण्यानंतर त्याचा दुसरा अर्थ उघडतो. शब्द याच क्रमाने येऊ द्या. तुमचे ज्ञान जसे वाढले तसे वाचकाचे वाढेल. त्या आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी हा वैद्यकीय शब्द घातल्याने तुमच्या मित्राला खोटेपणाचा वास आला असावा, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

या क्रमाने लिहिलेत तर संपादकांची तळटीपही अनावश्यक होईल. तळटीप वाईट नसते. माहितीपर लेखात ती वाचकाबद्दलचा आदर दाखवते. परंतु ललित लेखात, बाबा जमिनीवर पडलेले असताना, वाचकाची नजर पानाच्या तळाशी पाठवणे मला योग्य वाटत नाही. वैद्यकीय अर्थासाठी कार्डाचे वर्णन पुरेसे आहे: हा शब्द, त्याशेजारी डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला अर्थ आणि तुम्ही तो चुकीचा उच्चारलात की बरोबर ते. व्याकरणातल्या अर्थासाठी व्याख्या देऊ नका, उदाहरण द्या. संपादकांना हे पत्राने कळवा आणि सुधारलेला खर्डा दाखवून तळटीपेची गरज उरली का, असे विचारा. तरीही त्यांनी आग्रह धरला तर लेखाच्या शेवटी एक ओळीची टीप मान्य करा. एवढ्यावरून लेख मागे घेण्याचे कारण नाही.

उच्चाराचे आत्ताच सांगून टाकते, कारण हा लेख कधीतरी श्रोत्यांसमोर वाचाल. अक्षरे एस-वाय-एन-सी-ओ-पी-ई अशी आहेत, शेवटचे ‘ई’ उच्चारले जाते आणि आघात सुरुवातीच्या ‘सिं’वर येतो; ‘सिंकोप’ नव्हे.

मावसभावाला पुन्हा एकदा विचारा, मात्र पूर्ण लेख देऊन ‘कसा वाटला’ असे विचारू नका. हा शब्द असलेली वाक्ये तेवढी द्या आणि ‘यात वैद्यकीय चूक आहे का’ एवढाच प्रश्न विचारा. तुमच्या प्रतिमेवर, उपमेवर, शब्दाच्या दुसऱ्या अर्थावर निर्णय देण्याचा अधिकार त्यांच्याकडे आपसूक जात नाही. ‘वैद्यकात असा अर्थ नाही’ हे त्यांचे वाक्य खरे असूनही व्याकरणातला अर्थ खराच राहतो. एका क्षेत्राचा जाणकार दुसऱ्या क्षेत्राच्या सीमेवर उभा राहून बोलतो तेव्हा त्याचे ऐकावे, पण त्याने आखलेली सीमा कोणत्या क्षेत्राची आहे हे पाहून ऐकावे.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर करते. असे दुहेरी शब्द आणखीही आहेत आणि प्रत्येकाची अडचण निराळी आहे. ‘लॅक्युना’ म्हणजे हाडातील पेशीची सूक्ष्म पोकळी आणि हस्तलिखितातील गळालेला मजकूरही. हा शब्द कायद्याच्या भाषेत ‘त्रुटी’ म्हणून इतका वापरला जातो की ललित लेखात त्याला फायलीचा वास येतो. ‘कॅथार्सिस’, म्हणजे वर सांगितलेले ‘विरेचन’, हा शब्द आता दुर्मीळ राहिलेला नाही, म्हणून तो वापरणाऱ्याला वाटते की अर्थ सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात अरिस्टॉटल हा राजवैद्याचा मुलगा होता आणि जर्मन भाषापंडित याकोब बर्नेस यांनी १८५७ साली या शब्दाचा अर्थ वैद्यकाच्या अंगानेच लावला होता, हे ठाऊक असेल तर शब्दाला पुन्हा धार येते. ‘अफेरेसिस’ मला विशेष आवडतो. रक्तदात्याच्या रक्तातून प्लेटलेटसारखा एखादा घटक वेगळा काढून उरलेले रक्त परत देण्याची प्रक्रिया ती हीच, आणि शब्दाचा आरंभीचा ध्वनी गळणे यालाही व्याकरणात हेच नाव आहे. असा शब्द सापडला की स्वतःला विचारावे: दोन्ही अर्थ माझ्या लेखात काम करत आहेत की एक काम करतो आहे आणि दुसरा दागिन्यासारखा अंगावर आहे? दुसरे असेल तर साधा शब्द बरा. आणि ज्याला तो आजार प्रत्यक्ष झाला आहे असा वाचक हे वाक्य वाचेल तेव्हा त्याला आपले दुखणे कुणी उसने नेऊन मोडून परत आणले असे तर वाटणार नाही ना, हेही विचारावे. तुमच्या बाबतीत ही भीती कमी आहे, कारण दुखणे तुमच्या घरचेच होते.

आता ज्या ओळीसाठी मी हे उत्तर लिहायला घेतले तिच्याकडे येते. दहावीत असताना बाबा सर्वांसमोर पडले आणि तुम्ही जागच्या उठला नाहीत, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे आणि ‘हे लेखात घेतलेले नाही, गरज वाटली नाही’ असेही पुढे जोडले आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी भर सभेत लाजेने आणि भीतीने खिळून बसते, यात अस्वाभाविक काही नाही, आणि तुमचे बाबा पुढच्या क्षणी उठून बोलू लागले असतील तर त्यांना ते कदाचित कळलेही नसेल. पण ज्या लेखाचे नाव ‘मधला भाग गळणे’ असे आहे, त्या लेखात वाचक मधले काय गळले आहे ते शोधणारच. लेखात आठव्या वर्षानंतर एकदम डिस्चार्ज कार्ड येते, असे तुम्ही दिलेल्या रूपरेषेवरून दिसते. मधली वर्षे कुठे आहेत? मला वाटते की शब्द अकरा वेळा येण्याचे खरे कारण हेच असावे. वैद्यकीय शब्द थंड असतो, तो हातात धरला की पोळत नाही, आणि त्या दुपारच्या जागी तुम्ही तो शब्द पुन्हा पुन्हा ठेवत आहात.

तो प्रसंग लेखात घातलाच पाहिजे असे मी म्हणणार नाही. पर्याय दोन आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. प्रसंग लिहावा, थोडक्यात, विशेषणांशिवाय, स्वतःला क्षमा मागायला किंवा शिक्षा द्यायला न लावता. तेव्हा शब्दाचे ओझे आपोआप उतरेल, कारण जे तो झाकत होता ते उघडे झालेले असेल. किंवा प्रसंग जाणीवपूर्वक गाळावा आणि त्याचे कार्य मात्र होऊ द्यावे, जसे पाणिनीच्या त्या दुसऱ्या सूत्रात होते: नंतरच्या एखाद्या वेळी बाबा पडताच तुम्ही सर्वांच्या आधी धावलात, असे एकच वाक्य असू द्यावे आणि का धावलात ते सांगू नये. चांगला वाचक ते ओळखतो. मात्र गाळण्याआधी तो प्रसंग एकदा वेगळ्या कागदावर, मराठीत, पूर्ण लिहून काढा. ज्या भाषेत ती दुपार घडली त्याच भाषेत ती आधी उतरली पाहिजे. लिहिलेले गाळणे हा निर्णय असतो. न लिहिलेले गाळताना आपण काय गाळले हे आपल्यालाही कळत नाही. मृत्यूबद्दलचे शेवटचे वाक्यही हे केल्यावरच लिहा, तोपर्यंत ती जागा रिकामी ठेवा.

लेखाचे मराठी रूप करण्याचा विचारही तुम्ही पत्रात कळवला आहे. तिथे ‘सिंकपी’ ठेवण्याची गरज मला वाटत नाही; कार्डावर दिसला त्या एका जागी तो राहील तेवढे पुरे. मराठीत ‘मूर्च्छा’ शब्द शरीराचा अर्थ देईल, पण अक्षरांपर्यंत पोहोचणार नाही. ‘लोप’ मात्र दोन्हीकडे चालतो, कारण आपण ‘वर्णलोप’ म्हणतो तसेच ‘स्मृतिलोप’ही म्हणतो, आणि शुद्धीचा लोप झाला असे लिहिले तर कुणालाही ते परके वाटणार नाही. तेच नाव द्या. आणि माणूस–माणसाला हे उदाहरण तिथे निवेदनात न घेता बाबांच्या तोंडी द्या, वर्गात, हातात खडू असताना, कारण फळ्यावर तो ‘ऊ’ त्यांनी स्वतःच्या हाताने कितीतरी वेळा पुसला असेल.